खरखर काढू की ठेवू? : तबकड्या आणि कॅसेटी संगणकावर उतरवून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जी दाटीवाटीची दुकाने आहेत, त्यांच्या मागच्या अंगाला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तबकड्या, स्पूल आणि कॅसेटी यांवरचा आवाज संगणकावर उतरवून देण्याचे काम चालते. या जागेला पाटी नाही. मालक साठीच्या पुढचे गृहस्थ असून त्यांनी आयुष्याची पहिली वीस वर्षे टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात घालवली आहेत. मी हा अनुभव लिहिणार आहे असे सांगितल्यावर त्यांनी "नाव तेवढे लिहू नका, ताई, हातातलेच काम उरकत नाही," अशी विनंती केली. त्यामुळे येथे नाव आणि पत्ता देत नाही. तरीही अशी सेवा घेऊ इच्छिणाऱ्यांनी काय पाहावे, काय आधी विचारावे आणि काय कागदावर लिहून द्यावे, हे सांगण्याइतके मला या कामातून कळले आहे.

मी मार्चमध्ये १९ जुन्या तबकड्या, ७ एल. पी. (जास्त वेळ वाजणाऱ्या, प्लास्टिकच्या तबकड्या), ४२ कॅसेटी आणि एक २ जीबीचे मेमरी कार्ड त्यांच्या स्वाधीन केले. दर असा होता : मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या दोन्ही बाजूंचे १२० रुपये, एल. पी.चे ३५० रुपये, कॅसेटचे २०० रुपये. मेमरी कार्डासाठी त्यांनी ३०० रुपये वेगळे लावले. एकूण १३,४३० रुपये झाले. मुदत एका महिन्याची दिली होती आणि प्रत्यक्षात अकरा आठवडे लागले. या उशिराबद्दल माझी तक्रार आहे आणि ती पुढे येईलच, परंतु त्या अकरा आठवड्यांत मी पाच-सहा वेळा तिथे जाऊन बसले आणि काम होताना पाहिले, ही उशिराची जमेची बाजूही मान्य करायला हवी.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलेला प्रश्न असा होता : "खरखर काढू की ठेवू?" मी विचार न करता "काढा" म्हणाले. ही माझी चूक होती.

तबकड्या माझ्या आजोबांच्या. शनिवार पेठेत नदीच्या बाजूला त्यांचा वाडा होता आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटल्यावर जे पाणी पेठांत शिरले, त्यात तळमजल्यावरची तबकड्यांची लाकडी पेटी बुडाली. घरातली माणसे वाचली, त्यामुळे पेटीकडे पुष्कळ दिवस कुणी पाहिलेही नाही. नंतर तबकड्या विसळून, पुसून, वाळवून ठेवल्या गेल्या. पाकिटांचा लगदा झाला होता आणि मधली कागदी लेबले बहुतेक सुटून गेली होती. लाखेच्या तबकडीला पाण्याने फारसे काही होत नाही, मात्र तिच्यावर कुणाचे गाणे आहे हे सांगणारा कागद गेला की ती मुकी होते. आमच्या घरात साठ वर्षे या १९ तबकड्या 'आजोबांची गाणी' एवढ्या एकाच नावाने ओळखल्या जात होत्या. वाजवायला यंत्र नव्हते आणि ओळखायला लेबल नव्हते.

त्या धुण्याचे काम मी जवळून पाहिले. मालकांनी एका पसरट तसराळ्यात ऊर्ध्वपातित पाणी घेतले, त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकले आणि मऊ ब्रशने तबकडीच्या रेषांच्या दिशेने, गोल, अजिबात दाब न देता घासायला सुरुवात केली. स्पिरिट का वापरत नाही असे विचारल्यावर ते म्हणाले की स्पिरिट एल. पी.ला चालते, पण या तबकडीत लाख असते आणि लाख स्पिरिटात विरघळते. कितीतरी लोकांनी घरी साफ करण्याच्या नादात आपल्या तबकड्या अशाच घालवल्या आहेत. चार-पाच मिनिटांनी तसराळ्यातले पाणी फिकट तांबूस झाले. तो पानशेतचा गाळ होता. चौसष्ट वर्षे तो त्या बारीक चरांमध्ये बसून राहिला होता आणि आता बुधवार पेठेतल्या एका मोरीत वाहून गेला. नाना, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी बरोबर होते. पुराच्या वेळी ते सतरा वर्षांचे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त तसराळे ओतायच्या आधी त्यांनी त्यात एक बोट बुडवून पाहिले.

सुईच्या बाबतीत या सेवेला पूर्ण गुण द्यावे लागतील. ७८ फेऱ्यांच्या तबकडीचा चर एल. पी.च्या चरापेक्षा सुमारे तिप्पट रुंद असतो. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त वादनयंत्रांवर एल. पी.चीच बारीक सुई या तबकडीवर ठेवली जाते, ती चराच्या तळाला घासत जाते आणि तळाशी जमलेली सगळी घाण खरखरीच्या रूपाने ऐकवते. मालकांकडे तीन जाडीच्या सुया आहेत आणि प्रत्येक तबकडीवर ते तिन्ही लावून पाहतात, कारण आजोबांच्या काळातल्या पोलादी पिनेने चराचा जो भाग झिजवला आहे, त्याच्या वर किंवा खाली टेकणारी सुई मिळाली तर आवाज एकदम उजळतो. लेबल नसलेल्या तबकड्या ओळखण्यासाठी त्यांनी विजेरी तिरपी धरून, गाणे संपल्यानंतरच्या कोऱ्या पट्टीत कोरलेले क्रमांक वाचले आणि एका जुन्या सूचीशी ताडून १९ पैकी ११ तबकड्यांची ओळख पटवून दिली. उरलेल्या आठांपैकी पाच नानांनी पहिल्या दोन ओळींतच ओळखल्या.

त्या ११ आणि ५ तबकड्यांत निम्मी नाट्यगीते आणि निम्मी भावगीते निघाली. आजोबांचा जन्म १९१२ चा, तेव्हा हे अपेक्षितच होते. तरीही एका बैठकीत सलग ऐकल्यावर एक गोष्ट लक्षात येते, ती म्हणजे या पिढीचे गाणे यंत्राने कापून बेतलेले होते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण सव्वातीन मिनिटे मावतात. रंगभूमीवर 'वन्समोअर' घेत घेत जे पद रात्र सरेपर्यंत रंगत असे, तेच तबकडीवर एखाद्या घाईच्या पत्रासारखे येते. तान सुरू होते न होते तोच गायक समेवर येऊन थांबतो. भावगीत मात्र या तीन मिनिटांतच जन्मले आणि त्याला ती कधी अपुरी वाटली नाहीत. जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकात ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' तबकडीवर गायली आणि कविता घरात वाजवण्याची वस्तू झाली. पुढे गजाननराव वाटवे यांनी हीच भावगीते पुण्याच्या चौकाचौकांत, गणेशोत्सवाच्या मांडवांत नेली, तेव्हा रस्त्यावर बसून ऐकणाऱ्या गर्दीला त्या गाण्यांचे बोल आधीच पाठ असत. आजोबा त्या गर्दीतले. त्यांच्या मते चित्रपटातले गाणे हा 'गोंगाट' होता, आणि हा शब्द या लेखात पुन्हा येणार आहे.

येथे पहिली तक्रार नोंदवते. एका नाट्यगीताची फाईल ऐकताना नाना अस्वस्थ झाले. "हा आवाज असा नाही," असे म्हणत त्यांनी माळ्यावरून बाजाची पेटी काढायला लावली आणि सूर लावून पाहिला. गाणे काळी एकमध्ये असायला हवे होते ते पांढरी दोनमध्ये लागत होते. म्हणजे तबकडी सुमारे सहा टक्के जास्त वेगाने फिरवली गेली होती. जुन्या सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसतात, काही ७४ किंवा ७५ वरही मुद्रित झालेल्या असतात, हे मालकांना ठाऊक असूनही त्यांनी सर्व १९ तबकड्या एकाच वेगाने उतरवल्या होत्या. चूक दाखवल्यावर त्यांनी ती तबकडी पुन्हा वाजवली आणि वेगळे पैसे मागितले नाहीत. तरी मला वाटते की पेटी जाणणारा माणूस घरात नसलेल्या ग्राहकाला तो चढा, किंचित किनरा झालेला आवाजच आजोबांच्या काळचा म्हणून जन्मभर ऐकावा लागला असता.

एल. पी.बद्दल फार सांगण्यासारखे नाही. सातही स्वच्छ उतरल्या आहेत.

वडिलांच्या पिढीपाशी आले की पेटी जवळजवळ रिकामी होते, आणि याचे कारण ती पिढी गाण्याला मुकली होती असे नव्हे, तर ती रेडिओवर वाढली. रेडिओ मागे वस्तू ठेवत नाही. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाली तेव्हा नाना नऊ वर्षांचे होते. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला गीतरामायणाचे पहिले गीत याच केंद्रावरून गेले आणि पुढे वर्षभर, दर आठवड्याला एक, अशी गदिमांची ५६ गीते सुधीर फडक्यांच्या चालींत लोकांनी ऐकली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकणाऱ्या घरांच्या कथा पुण्यात सर्वांनी ऐकल्या आहेत. आमच्या वाड्यात हार नव्हता, पण वाड्यातला रेडिओ एकच असल्यामुळे चार बिऱ्हाडे त्यापुढे बसत आणि गीत संपेपर्यंत नळावर कुणी जात नसे. या श्रवणाचा पुरावा म्हणून आज आमच्याकडे काय आहे? पुढे निघालेल्या संचातल्या तीन एल. पी., एवढेच. त्यांत आवाज उत्तम आहे, परंतु पुढचे गीत ऐकायला आठवडाभर थांबण्याचा जो अनुभव होता, तो कोणत्याही सेवेला उतरवून देता येणार नाही.

त्याच काळात चित्रपटगीतांवरून घराघरांत जे चालले होते, त्याची मुळे थेट दिल्लीत होती. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार केले, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला त्याच वर्षाच्या अखेरीस तिथूनच सुरू झाली. लोक परत यावेत म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढावी लागली. आमच्या वाड्यात या राष्ट्रीय वादाचा निकाल असा लागला होता की बुधवारी रात्री आठ वाजता, म्हणजे गीतमालेच्या वेळेला, आजोबा न चुकता फिरायला निघत आणि नऊनंतर परत येत. त्यांनी कधी परवानगी दिली नाही आणि कधी मनाईही केली नाही. नाना सांगतात की आजोबांच्या काठीचा आवाज जिन्यात ऐकू आला की काटा सिलोनवरून पुण्यावर येत असे.

नानांच्या वाट्याची खरी ठेव म्हणजे १९८३-८४ मध्ये त्यांनी स्वतः रेडिओपुढे टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या सहा कॅसेटी, आणि माझी मुख्य तक्रार नेमकी याच सहा कॅसेटींविषयी आहे. तक्रारीआधी कामाची बाजू सांगते, कारण कॅसेटींचे काम हे या सेवेचे सर्वांत कसबी अंग आहे. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या कॅसेटीच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. मालकांनी अशा कॅसेटी वेगळ्या काढल्या, वाळवल्या आणि एका जुन्या, केवळ याच कामासाठी ठेवलेल्या यंत्रावर कोरड्या कापडातून फीत फिरवून पुसल्या. फितीला हेडवर, म्हणजे यंत्राच्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा स्पंजाचा किंवा नमद्याचा जो बारीक तुकडा असतो, तो पंधरा-सोळा कॅसेटींत गळून पडला होता. टाकाऊ कॅसेटींतून चिमट्याने तसे तुकडे काढून त्यांनी एकेक चिकटवला. ज्या कॅसेटींचे कवच स्क्रूचे नसून चिकटवलेले होते, ती फोडून फीत नव्या कवचात घातली. आणि प्रत्येक कॅसेट लावल्यावर हेडजवळचा छोटा स्क्रू पाव-अर्धा पीळ फिरवत, डोळे मिटून, 'स' आणि 'श' स्पष्ट ऐकू येईपर्यंत ते थांबले. ज्या यंत्रावर कॅसेट भरली गेली, त्याच्या हेडचा कोन जुळवल्याशिवाय आवाज बोथट राहतो. घरी यूएसबीवर चालणारे दीड-दोन हजारांचे यंत्र आणून मी आधी स्वतः प्रयत्न केला होता. त्यावर लता मंगेशकरांचा आवाज उशीतून आल्यासारखा येत होता.

एवढ्या कसबानंतर मला जी फाईल मिळाली, ती ऐकून मात्र मी थक्क झाले. खरखर गेली होती हे खरे. परंतु खरखरीबरोबर तंबोऱ्याची किनार गेली होती, टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे झाले होते, आणि नानांच्या सहा कॅसेटींमधून गाण्यांखेरीज जे काही होते ते सगळेच गेले होते. संगणकाला शांतता सापडेल तिथे फीत तोडायची आणि प्रत्येक तुकड्याला 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशी नावे द्यायची, ही येथील ठरलेली पद्धत आहे. आणि दोन गाण्यांमधले बोलणे हे 'फालतू' समजून उडवायचे, हीसुद्धा.

ते बोलणे काय होते? त्यांतल्या चार कॅसेटी आकाशवाणीच्या 'आपली आवड' या कार्यक्रमाच्या आहेत. निवेदिका गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावे वाचत असे, आणि ही यादी कधीकधी गाण्याइतकीच लांब असे : अमुक गावाहून अमुक, त्यांचे आईवडील, बंधू, वहिनी, आणि मित्रमंडळ. आजच्या कोणत्याही ध्वनिसंग्रहात ते गाणे सहज मिळेल, अधिक चांगल्या आवाजात मिळेल. ते गाणे ऐकण्यासाठी १९८३ साली कोणत्या गावातल्या कोणत्या घराने पोस्टकार्ड टाकले होते, हे मात्र फक्त या फितीवर आहे. त्याशिवाय फितीवर आणखीही काही आहे. एका गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात आमच्या घरातल्या कुकरची शिट्टी होते, त्यावर नाना दबक्या आवाजात "अगं, बंद कर तो" म्हणतात आणि आई तिकडून मोठ्याने "मग भात कच्चाच वाढू का?" असे विचारते. आई २००९ मध्ये गेली. तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेही नाही. स्वच्छ केलेल्या फाईलमध्ये त्या अंतऱ्यातली शिट्टी आणि आईचे वाक्य असे पुसले गेले होते की तिथे गायिकेचा स्वर क्षणभर कापरा होतो, इतकेच जाणवते.

मी दुकानात गेले तेव्हा बऱ्यापैकी रागात होते. मालकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या संगणकावरून कच्च्या फाईली काढून दाखवल्या. ग्राहकाने काम पसंत केल्याचे सांगेपर्यंत ते मूळ मुद्रण पुसत नाहीत, ही या सेवेतील सर्वांत महत्त्वाची चांगली गोष्ट आहे आणि ती त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगायला हवी होती. त्यांचे म्हणणे असे की बहुतेक लोक शिट्ट्या, भुंकणारे कुत्रे, रडणारी मुले काढून टाका असेच सांगतात, आणि ठेवा म्हणणारे नंतर परत येतात. "तुम्ही 'काढा' म्हणालात," असेही ते म्हणाले, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता माझ्या स्वतःच्या ३६ कॅसेटी. सत्तरीच्या दशकात जन्मलेल्या पिढीला वेगळी ओळख द्यायची तर ती 'भरून घेणारी पिढी' अशी द्यावी लागेल. आम्ही गाणी विकत घेतली त्यापेक्षा जास्त भरून घेतली. वहीच्या पानावर बारा-पंधरा गाण्यांची यादी करायची, ती कॅसेटच्या दुकानात द्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची हे सांगायचे आणि दोन दिवसांनी जाऊन घेऊन यायची. हे कायद्यात बसत नव्हते याची आम्हाला कल्पनाही नव्हती. तबकडीच्या काळात काय मुद्रित व्हावे हे एखादी मोठी कंपनी ठरवत होती आणि रेडिओवर काय वाजावे हे सरकार ठरवत होते. कॅसेटने पहिल्यांदा गाण्यांचा क्रम ऐकणाऱ्याच्या हाती दिला. माझ्या एका कॅसेटीत भीमसेन जोशींचा अभंग, त्यामागे राहुलदेव बर्मन आणि त्यामागे एक गझल आहे. हा क्रम माझ्याशिवाय जगात कुणीच लावलेला नसेल. अ बाजूचे शेवटचे गाणे फीत संपल्यामुळे दुसऱ्या अंतऱ्याच्या मध्येच तुटते, आणि आजही ते गाणे पुरे ऐकू आले की मला पुढचा भाग उपरा वाटतो.

कॅसेटने आणखी एक केले, ज्याची दखल आमच्यासारख्या पेठी घरांनी उशिरा घेतली. फीत स्वस्त होती, ती भरायला कारखाना लागत नव्हता, त्यामुळे ज्यांना तबकडीच्या काळात स्टुडिओचे दार फारसे उघडत नव्हते, अशा लोकगीतांचे, भीमगीतांचे, जत्रेतल्या आणि दिंडीतल्या भक्तिगीतांचे गायक घरोघर पोहोचले. प्रल्हाद शिंदे यांचा खणखणीत आवाज एस. टी. स्टँडवर, चहाच्या टपरीवर, सत्यनारायणाच्या मांडवात सगळीकडे होता. आनंद शिंदे यांचे पोपटाचे गाणे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इतके वाजत होते की गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या गल्लीत दुसरे काही ऐकू येणे कठीण होते. नाना खिडक्या लावून घेत आणि म्हणत, "काय हा गोंगाट!" मी ते गाणे एका कॅसेटीच्या ब बाजूला, शास्त्रीय संगीताच्या मागे, लेबलावर न लिहिता भरून घेतले होते. या वेळी सगळ्या फाईली घरात मोठ्या आवाजात लावल्या तेव्हा ते अचानक सुरू झाले. नाना एक्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि ताल कोणता आहे ते मला विचारले.

मेमरी कार्डाबद्दल थोडक्यात. ते माझ्या धाकट्या भावाचे, २०१६ मधले. मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत कार्ड भरून मिळण्याचे ते शेवटचे वर्ष म्हणावे लागेल, कारण सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि गाणी साठवण्याची गरजच उरली नाही. त्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस 'सैराट' प्रदर्शित झाला होता. अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये जाऊन मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, आणि भावाने तो नखाएवढ्या कार्डावर घेऊन, तडा गेलेल्या फोनच्या स्पीकरवर ऐकला. कार्डातल्या ३१२ फाईलींपैकी ४० वाचता आल्या नाहीत. तीनशे रुपये मला जास्त वाटले.

माझी लेक एकोणीस वर्षांची आहे. दुकानात द्यायला तिच्याकडे काहीही नाही. तिची गाणी फोनमधल्या याद्यांत आहेत, त्या याद्या निम्म्या फोननेच केलेल्या आहेत, आणि वर्गणी थांबली की त्या जातील. ती मराठी रॅप ऐकते. मला त्यातले शब्द पहिल्या दोन वेळेला कळत नाहीत, आणि आजोबांचा आणि नानांचा तो ठेवणीतला शब्द माझ्याही ओठांवर येतो. ती कानांत गोळ्या घालून ऐकत असल्यामुळे तो शब्द उच्चारण्याची संधी मात्र मला क्वचितच मिळते. तिच्या पिढीचे गाणे चार बिऱ्हाडांना ऐकू जात नाही, शेजारच्या खोलीलाही नाही, आणि त्यावर कुणाच्या कुकरची शिट्टी पडत नाही. कच्च्या फाईलीतले आईचे वाक्य तिला ऐकवले तेव्हा तिने आजीचा आवाज पहिल्यांदा जाणतेपणी ऐकला. ते बारा सेकंद तिने कापून घेतले आणि आपल्या गजराला लावले. आता रोज सकाळी सहा वाजता आमच्या घरात भाताविषयी विचारणा होते.

ज्यांना ही किंवा अशी सेवा घ्यायची असेल, त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी. कच्च्या फाईली ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाच्या, डब्ल्यूएव्ही स्वरूपात मागाव्यात. साठ मिनिटांच्या एका कॅसेटीला सुमारे २ जीबी जागा लागते, माझ्या सगळ्या ऐवजाला ११५ जीबीच्या आसपास लागली. एमपी३ त्यातून केव्हाही करता येतात, एमपी३तून मूळ परत मिळत नाही. रोजच्या ऐकण्यासाठी थोडी सफाई चालते, मात्र ती प्रत वेगळी असावी. ट्रॅकना नावे देण्याचे काम या सेवेवर सोडू नये, तीन रविवार घालवून ते मी स्वतः केले. मुदत सांगितली जाईल तिच्या अडीचपट धरून चालावे. मूळ वस्तू काळजीने परत मिळतात. माझ्या एका तबकडीच्या कडेचा टवका उडाला, पण तो तिथेच उडाला की मी रिक्षातून नेताना, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. पैसे देताना पावती मागावी लागते, ती आपणहून मिळत नाही.

माझ्या मावशीकडे रेडिओवरून भरलेल्या आणखी नऊ कॅसेटी निघाल्या आहेत आणि गेल्या गुरुवारी त्या मी तिथेच दिल्या. या वेळी प्रत्येक कॅसेटीवर चिठ्ठी चिकटवून काय काय ठेवायचे ते लिहिले होते. मालकांनी चिठ्ठ्या वाचल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि पावतीवर कामाच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात लिहिले : '९ कॅसेटी, निवेदन व शिट्ट्यांसह.'